तोंडदेखला सलाम

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आधी सलाम फिरतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपला की पाळक मेजावरचं पांढरं कापड बाजूला करतात आणि सगळ्यांना उभं राहायला सांगतात. मग ज्याच्याशी मनात अढी असेल त्याच्याकडे चालत जायचं, हात जोडून सलाम म्हणायचं, आणि त्यानंतरच भाकरी घ्यायची, अशी रीत. आणि भाकरी म्हणजे खरोखरची भाकरी, तांदळाची. दुसरीकडे पाव वापरतात. पण आमच्या महाडच्या मंडळीत निम्मी माणसं पोलादपूरकडच्या गावांतली. त्यांच्यातल्या कुण्या आजीने पहिल्यांदा भाकरी थापून आणली आणि तीच चाल पडली. अजूनही बायका पाळीपाळीने ती घरून करून आणतात.

रीत चांगलीच आहे. अडचण एवढीच, की एखाद्याकडे भर उपासनेत चालत गेलं म्हणजे त्याच्याशी आपलं बिनसलंय हे चारचौघांत कबूल केल्यासारखं होतं. म्हणून शहाणी माणसं सगळ्यांनाच सलाम करत सुटतात. त्या गर्दीत एखादा अवघड सलाम खपून जातो. आमच्या मंडळीत शहाण्या माणसांची कमतरता नाही.

माझ्या आईचा आणि काकीचा सलाम मात्र खपून जाण्यातला नव्हता. लोक त्याची वाट बघायचे म्हटलं तरी चालेल. आई खिडकीजवळच्या बाकावरून उठायची, काकी दाराजवळच्या. दोघी मधल्या वाटेत समोरासमोर यायच्या. आई मान तिरकी करून गोड हसायची, काकी पदर सावरत तिच्याहून गोड. "सलाम, जाऊबाय." "सलाम हो." आणि जोडलेले हात सुटतात न सुटतात तोच दोघींची तोंडं दोन दिशांना. पुढे महिनाभर एकमेकींशी शब्द नाही. बाजारात काकी दिसली की आई कांदे निवडायला लागायची, घरात कांद्यांचं पोतं असलं तरी.

मी शाळेत शिकवते. घरचा अभ्यास स्वतः केला की शेजारच्याचा उतरवला हे मला वहीला हात लावायच्या आधी मुलाच्या चेहऱ्यावरून कळतं. घरच्या माणसाचा खोटेपणा मग कसा नाही कळणार? सुरुवातीला मला त्या सलामाचं हसू यायचं. पुढे पुढे चीड यायला लागली. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आईला स्कूटरवरून मंडळीत पोचवायचं, तिच्या शेजारी बसायचं आणि परत आणायचं, एवढाच माझा धर्म उरला होता. जिथे गायला सगळे पुढे आणि मयताच्या घरी डबा पोचवायला सगळे मागे, तिथे आपल्याला काय मिळणार, असं मला उघड उघड वाटायचं आणि मी ते आईला बोलूनही दाखवायचे.

आई म्हणायची, "मला मिळतं गं. तुझे बाबा गेल्यापासून मी पोटभर जेवते ती तिथेच."

दोघींच्या भांडणाचं मूळ पुरात होतं. एका वर्षी सावित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर डोक्यापर्यंत चढलं. आम्ही दोघी नेसत्या कपड्यांनिशी पोलादपूरजवळ कापड्याला काकीकडे गेलो. काकी बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका आदल्याच वर्षी गेले होते आणि भातशेती ती एकटीच बघत होती. आमच्या मागोमाग मंडळीतली आणखी काही कुटुंबं तिथे आली. काकीने कुणाला नाही म्हटलं नाही. ओटीवर, पडवीत, माळ्यावर माणसंच माणसं झाली.

आणि आईची प्रार्थना सुरू झाली. आईची प्रार्थना आमच्याकडे प्रसिद्ध होती. ती प्रार्थनेला लागली की चुलीवरचा भात करपेल पण आमेन येणार नाही, असं बाबा म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ ती सगळ्यांना ओटीवर बसवायची आणि पूरग्रस्तांसाठी, सरकारसाठी, धरणांसाठी, बुडालेल्या गुरांसाठी, साऱ्या जगासाठी मागायची. लोकांना धीर यायचा, हे खरंच. काकी तेवढ्या वेळात आत चुलीपुढे सगळ्यांची भाकरी थापत असायची.

एका सकाळी आई धुणं घेऊन विहिरीकडे निघाली. पुढे काकी शेजारच्या बौद्धवाडीतल्या एका बाईशी बोलत उभी होती. ती म्हणत होती, "आमच्या जाऊबायची प्रार्थना लांब नि भाकरी आखूड. पीठ मळायची येळ झाली का हिचे डोले मिटलेच."

आई तशीच मागे फिरली. रस्ते अजून धड नव्हते, तरी दुपारी तिने मला घेऊन महाड गाठलं. घरात गुडघाभर गाळ होता. तो उपसताना आईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तांदळाचा भिजून फुगलेला डबा फेकून देतानाही आलं नाही. पण मध्येच फावडं टेकवून ती म्हणाली, "हिचे डोळे मिटलेच म्हणे," आणि तिथेच, गाळात, ढसाढसा रडली.

त्यानंतर वर्षं गेली. सलाम मात्र दर महिन्याला फिरत राहिला.

तो थांबला एका खेळामुळे. उपासना सुटल्यावर मोठी माणसं आवारात घोळक्याने बोलत उभी राहतात आणि रविवारच्या शब्बाथशाळेची पोरं तिथेच खेळतात. त्या दिवशी मुलींचं प्रभुभोजन चाललं होतं. पायरीवर रुमाल अंथरून त्यावर ग्लुकोजची बिस्किटं मांडलेली. एक मुलगी पाळक झाली होती. तिने हात वर करून हुकूम सोडला, "आता सलाम करा." दोन मुली समोरासमोर आल्या. हात जोडून, दात दाखवून "सलाम, सलाम" म्हणाल्या. आणि मग दोघींनी एकदम माना फिरवून "हुं!" केलं आणि पाय आपटत दोन बाजूंना गेल्या. पाळकीणबाईंनी गंभीरपणे त्यांना बोलावून बिस्किटं वाटली.

आई शेजारीच चपला घालत होती. ती वाकून त्यातल्या एकीला म्हणाली, "ते मान फिरवलीस ते काय गं?"

मुलगी बिस्किट चघळत म्हणाली, "असंच असतं. सलाम झाला की तोंड फिरवायचं. म्हाताऱ्या बायका तसं करतात ना."

तिच्या लेखी तो विधीचाच भाग होता! मला हसू फुटणार होतं, पण आईचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. दाराशी काकी उभी होती. तिनेही ते ऐकलं असावं, कारण ती आमच्याकडे न बघता भराभर एसटी स्टँडकडे निघाली.

पुढच्या महिन्यात भाकरीची पाळी आमची होती. आईने पहाटे उठून भाकरी केली, नव्या फडक्यात गुंडाळली, मांडीवर धरून मंडळीत नेली. सलामाची वेळ झाली. सगळे उठले. आई बसून राहिली. मधल्या वाटेत काकी निम्म्यापर्यंत आली, इकडेतिकडे बघू लागली आणि जवळच्याच कुणाला तरी सलाम करून परत गेली. मग ताटली फिरत आमच्या बाकाशी आली. आईने ती घेतली, क्षणभर आपणच केलेल्या भाकरीच्या तुकड्यांकडे बघितलं आणि काही न घेता माझ्या हातात दिली. "पुढे दे," ती हळूच म्हणाली.

प्रभुभोजन नाकारणं म्हणजे आमच्यात काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. शिस्त म्हणून ज्याचं प्रभुभोजन बंद केलंय, त्यालाच ताटली देत नाहीत. आपण होऊन कुणी सोडत नाही. आणि इथे तर महिला मंडळाची सगळ्यात जुनी, पांढऱ्या केसांची, लांब प्रार्थनेची बाई! आठवडाभर मंडळीला दुसरा विषय नव्हता. म्हातारीने असं काय पाप केलं असेल यावर अंदाज चालले. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई घरी येऊन आईचा हात हातात घेऊन विचारू लागल्या, "प्रकृतीचं तर काही नाही ना? साखर वाढलीय का?"

मी म्हटलं, "हो. तेवढ्याशा तुकड्याने फार वाढते." त्या चहा न घेताच गेल्या.

पण मी आईवरही चिडले होते. इतकी वर्षं खपलं, मग आताच हे काय? "घेऊन टाकायचं होतंस. कोण बघतंय तुझ्या मनात?"

"आता पोरींना कळलंय," आई म्हणाली. "मी त्यांना काय शिकवलं बघ. उपाशी राहीन, पण तसं तोंड करून पुन्हा खाणार नाही."

"मग जा काकीकडे, मिटवून टाक."

"जाईन. पण अजून राग आहे गं माझ्या पोटात. आत्ता गेले तर तिच्या ओटीवरही गोड हसून येईन. मला ते फार छान जमतं."

पाळक भेटायला आले. नवीन होते, तरुण. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने सामानासकट दारात आले होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांनी आईची समजूत घातली की देव क्षमा करणारा आहे, तुम्ही निःशंक मनाने घ्या. आई म्हणाली, "देव करेल हो. मी केलीय का, ते बघायचंय." पाळकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तर मी घाई करत नाही. थांबू आपण." मला वाटलं होतं, आता एखादं प्रवचन येणार. ते आलं नाही, म्हणून मला तो माणूस आवडला.

पुढचे काही महिने ताटली आमच्या बाकावरून तशीच पुढे जात राहिली. दर वेळी आई तिच्याकडे बघायची, आणि तिचं ते बघणं मला बघवायचं नाही. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या पानाकडे बघतं तसंच ते होतं. घरी तिचं जेवणही कमी झालं. तिची प्रार्थनाही आटली. महिला मंडळात तिला प्रार्थना करायला सांगितली तर ती म्हणाली, "प्रभू, मला खरं कर. आमेन." बायका डोळे मिटून पुढच्याची वाट बघत राहिल्या. कितीतरी वेळाने त्यांना कळलं की संपलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की या बाईबरोबर मंडळीत यायला काही हरकत नाही.

भात झोडून झाल्यावर, थंडी पडू लागली तेव्हा, एका शनिवारी आई म्हणाली, "काढ स्कूटर. कापड्याला जाऊ."

पोलादपूरच्या बाजारात मी थांबले. म्हटलं, काकीला काहीतरी घेऊ, फळं, खारी, काहीतरी. आईने साफ नाही म्हटलं. "खाऊ नेला की पुन्हा तोंडदेखलंच होईल. रिकाम्या हातानेच जायचं."

काकी मागल्या दारी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून उठली, पदर सावरला. आणि तिचं ते सलामाचं हसू चेहऱ्यावर येऊ लागलं.

"हसू नकोस," आई म्हणाली. "मी भांडायला आलेय."

काकीने सूप खाली ठेवलं. "मंग भांडा," ती म्हणाली.

आणि दोघी भांडल्या. काय भांडल्या! आईने विहिरीवरचं ते वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. काकी म्हणाली, "व्हय, बोलले मी. खोटं बोलले?" आई म्हणाली, "खोटं असतं तर इतकं लागलं असतं का?" त्यावर काकी अधिकच पेटली. "खरं व्हतं तं येवडी वर्सं तोंड कशाला फुगवलं? मला वाटलं, तुमाला लय मान हाय, तुमी कशाला माझं आयकता." आई म्हणाली, "मग तू तरी दर महिन्याला गोड हसून सलाम का करायचीस?" काकी म्हणाली, "तुमी करत व्हता म्हनून!"

मग काकीचा आवाज एकदम खाली आला. ती उंबऱ्यावर बसली.

"त्या पुरात तू साऱ्या दुनियेसाठी मागितलंस," ती म्हणाली. भांडणाच्या भरात 'तुमी'चं 'तू' झालं होतं. "सरकारसाठी मागितलंस, गुरांसाठी बी मागितलंस. माझा नवरा जाऊन वरीस झालं नव्हतं गो. चुलीच्या धुरात बसून मी आयकायची. म्हनायची, आता माझं नाव येल, मंग माझं नाव येल. नाय आलं कदी. आमेन झालं का सगली जेवायला आत यायची."

माझा मेव्हणा-मेव्हणी कुणी नाही, दीर-जाऊ नाही, मी भांडणांना हसते. पण त्या क्षणी मला रडू आवरलं नाही. इतक्या लोकांना त्या घरात खाऊ घातलं गेलं आणि जी खाऊ घालत होती ती उपाशी होती, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मला वाटलं, आता आई प्रार्थना करणार. जन्मभर तिने प्रत्येक अवघड वेळी तेच केलं होतं. पण ती उठली, निऱ्या वर खोचल्या, आत जाऊन चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "पीठ कुठाय?"

काकी दारातून बघत राहिली. आईने आधण ठेवलं, उकड मळली, परातीत पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली.

"येतं की चांगलं," काकी म्हणाली. "मंग पुरात काय झालं व्हतं?"

"डोळे मिटले होते," आई म्हणाली.

काकी हसली. या खेपेला तिची एक किडलेली दाढ दिसेपर्यंत हसली. मग ती सुकटीची चटणी करायला बसली आणि आईला जाळ कसा सारायचा यावरून दोनदा बोलली. आम्ही तिघी चुलीपुढेच जेवलो. आई त्या दिवशी किती जेवली! मी महिनोन्महिने तिला तसं जेवताना बघितलं नव्हतं.

पानं उचलायच्या आधी काकी म्हणाली, "आता कर प्रार्थना."

"आज तू कर," आई म्हणाली.

काकी चारचौघांत कधी प्रार्थना करत नाही. आम्हाला वाटलं, टाळणार. मग खरकटा हात तसाच मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली, "भांडान झालं. जेवन बी झालं. आता बरं वाटतं. आमेन."

मी आजवर ऐकलेल्या सगळ्या प्रार्थनांत मला ती जास्त आवडते. तिच्यात एकही शब्द उसना नव्हता.

यापुढे दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या असं मी लिहिणार नाही. अजूनही फोनवर त्यांची जुंपते. तांदळाला ऊन द्यायचं की नाही, यावरून तर परवाच जुंपली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन होतो.

त्यानंतरचा पहिला रविवार आला. पोलादपूरची एसटी उशिरा आली होती, त्यामुळे काकी आली तेव्हा उपदेश निम्मा झाला होता. दाराजवळचा तिचा बाक रिकामाच होता. ती तिथे थांबली नाही. पिशवी घेऊन सरळ मधल्या वाटेने चालत आमच्या खिडकीच्या बाकाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाली, "सरक की गो जरा."

पाळक वाक्याच्या मध्येच थांबले. आई सरकली. तिच्या धक्क्याने मीही सरकले. काकी बसली, पिशवी पायाशी ठेवली, आणि पाळकांकडे बघून मान हलवली, की चालू द्या तुमचं.

सलामाच्या वेळी सगळी मंडळी माना वळवून आमच्याकडे बघत होती. दोघी उठल्याच नाहीत. उठून जायचं कुठे, शेजारीच तर बसल्या होत्या. ताटली आली. काकीने तुकडा घेतला आणि ताटली स्वतःच्या हाताने आईपुढे धरली. आईने घेतला. तो तिने लगेच गिळला नाही, डोळे उघडे ठेवून हळूहळू चावत राहिली आणि तिचे गाल ओले झाले. मग ताटली माझ्याकडे आली. मीही घेतला. साधी तांदळाची भाकरी, थोडी वातड झालेली. पण कितीतरी वर्षांनी मला तिची चव लागली.

उपासना सुटल्यावर आवारात मुलींचा खेळ मांडलेलाच होता. पायरीवर रुमाल, रुमालावर बिस्किटं. "आता सलाम करा," पाळक झालेली मुलगी ओरडली. दोघी समोरासमोर आल्या, हात जोडले आणि सवयीने माना फिरवू लागल्या.

"ए, तोंड नाही फिरवायचं आता!" तिसरी त्यांच्यावर खेकसली. "आता 'सरक गो' म्हणायचं आणि शेजारी बसायचं."

मग त्या दोघी पायरीवर एकमेकींना ढकलत दाटीवाटीने बसल्या आणि एकाच बिस्किटाचे दोन तुकडे करू लागल्या. आई चपला घालता घालता थांबून बघत होती.

"आता बरोबर खेळतायत," ती म्हणाली, आणि काकीची एसटी चुकू नये म्हणून तिची पिशवी उचलून स्टँडकडे निघाली.